मुलांच्या हातून आलेला नाताळ

सणांचा इतिहास लिहावयाचा म्हटला की आपली दृष्टी साहजिकच देवळे, मठ, दर्गे, चर्च, राजाज्ञा आणि पंचांगे यांच्याकडे वळते. परंतु सण टिकतो तो घरात. आणि घरातही ज्यांना त्या सणात काही काम नेमून दिलेले असते त्यांच्यामुळे टिकतो. कंदिलाच्या काड्या कोणी बांधावयाच्या, करंजीची कड कोणी कातरावयाची, शेजारी ताट कोणी न्यावयाचे, ही कामे आपल्या घरांतून मुलांकडे असत. नाताळाच्या बाबतीत तर मुलांचा हा वाटा इतका मोठा आहे की तो वगळून या सणाचा इतिहास सांगताच येणार नाही.

आळंद, बसवकल्याण, हुमनाबाद, भालकी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या आपल्या मराठी घराण्यांना नाताळ ठाऊक आहे तो बहुधा शेजारच्या घरातला सण म्हणून. तो मराठी घरात कसा शिरला, त्याने मराठी वळण कसे घेतले आणि आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन तो काही काळ तेथेच का थांबला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘नाताळ’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो परका आहे हे ध्यानातही येत नाही. पोर्तुगीज भाषेतील ‘नाताल’ या शब्दापासून तो आला, आणि त्याचे मूळ जन्माशी संबंध असलेल्या लॅटिन शब्दात आहे. हिंदी-उर्दूने ‘बडा दिन’ म्हटले, इंग्रजीचा ‘ख्रिसमस’ सर्वत्र पसरला. पण मराठीने किनाऱ्यावरचा शब्द घेतला आणि घाटावर, बालाघाटापर्यंत, तोच चालविला. पुढे घाटावरच्या ख्रिस्ती मंडळींना धर्मशिक्षण अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी दिले, तरी सणाचे नाव पोर्तुगीजच राहिले.

शब्दाइतकीच कथाही जुनी आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी शिकून ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात ख्रिस्तजन्माची कथा आपल्या पोथ्यांच्या वळणाने येते. म्हणजे तुकोबांच्या बालपणीच बेथलेहेमची गोष्ट मराठी ओवीत छापून झाली होती. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो गोवा सोडून कानडा प्रांतात गेलेल्या कुटुंबांमुळे. त्यांनी हस्तलिखिते सोबत नेली, घरी आणि चर्चमध्ये वाचली, आणि त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा छापला गेला. टिपू सुलतानाच्या काळात श्रीरंगपट्टणास बंदी म्हणून नेलेल्या ख्रिस्ती लोकांना या पुराणाच्या वाचनाने धीर दिला, असे त्यांची परंपरा सांगते. परमुलखात वस्ती केलेल्या कुटुंबांनी मराठी पोथी घरात जपावी आणि मूळ गावी ती नाहीशी व्हावी, हा अनुभव आपल्यासारख्या वस्तीकरांना अपरिचित वाटू नये.

कथा पोथीतून आली, तरी सण चुलीपाशी आणि अंगणात घडला. गोव्यात नाताळाच्या आधी नेवऱ्या, दोदोल, कुलकुल होतात आणि त्यांची ताटे शेजारी जातात. या प्रथेला तेथे पोर्तुगीज ‘कोन्सुआदा’वरून आलेले नाव आहे. मूळ अर्थ नाताळाच्या आदल्या रात्रीचे जेवण. गोव्यात त्याचा अर्थ झाला शेजाऱ्याला पाठवावयाचे गोडधोड. नेवरी म्हणजे तर आपली करंजीच. कुलकुल वळावयाचे काम मुलांचे: पिठाची गोळी काट्याच्या किंवा नव्या फणीच्या दात्यांवर दाबून शिंपल्यासारखी गुंडाळावयाची. घरोघरी ख्रिस्तजन्माचा गोठा मांडतात. ही कल्पना इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली मांडलेल्या देखाव्यापासून पसरली असे मानतात. आपल्याकडे त्यात हिरवळ हवी म्हणून मुले काही दिवस आधी नाचणी पेरून तिचे कोवळे अंकुर गोठ्याभोवती ठेवतात. पश्चिम महाराष्ट्रातील मुले दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात, त्याचेच हे भावंड. तशीच चांदणी आणि आकाशकंदील: तीच बांबूची कामटी, तोच पतंगाचा कागद, तीच खळ.

वसईचे उदाहरण याहून बोलके आहे. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेला हा मुलूख १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकला. राज्य गेले, पाद्रींचा आश्रय गेला; पण तेथील ख्रिस्ती शेतकरी कुटुंबे आपापल्या गावांत राहिली आणि त्यांचा नाताळही राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषेत करण्याची मुभा मिळाली, तेव्हा तेथील चर्चमधून मराठी घुमू लागली. घरांत तिच्या बोली आधीपासून होत्याच. त्याच वसईतील ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले आणि ‘सुबोध बायबल’ सिद्ध करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांना जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. ते संमेलन भरले होते आपल्या शेजारच्या उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास.

आता किनारा सोडून घाटावर येऊ. येथला इतिहास निराळा, आणि सर्वसाधारण समजुतीला धक्का देणारा आहे. ‘गोऱ्या मिशनऱ्यांनी नाताळ आणला’ असे आपण सहज बोलून जातो. पण घाटावरील मराठी लोकांत प्रथम काम केले ते अमेरिकन मराठी मिशनने. तिचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले. १८३१ मध्ये अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) ठाणे झाले. या मंडळींचा पंथ अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला. त्यांचे प्यूरिटन पूर्वज नाताळाला बायबलात आधार नसलेला, खाण्यापिण्याचा उच्छृंखल सण समजत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला होता. तो १६८१ मध्ये रद्द झाला, तरी त्या राज्यात नाताळाची सुटी कायद्याने मिळावयास १८५६ साल उजाडले. दुसरी मिशन स्कॉटिश. १८२९ मध्ये मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन त्याच परंपरेतले. आणि स्कॉटलंडात तर नाताळाची सार्वजनिक सुटी १९५८ मध्ये सुरू झाली. ज्यांच्या स्वतःच्या बालपणात नाताळाला फारसे स्थान नव्हते, अशा लोकांकडून आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना धर्म मिळाला. सण मात्र त्यांच्याकडून तयार मिळण्यासारखा नव्हता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आज आपण ज्याला नाताळ म्हणतो, म्हणजे घरातील झाड, मुलांना भेटी, सांता क्लॉज, शुभेच्छापत्रे, त्यातील बहुतेक भाग पाश्चात्त्य देशांतही एकोणिसाव्या शतकातच रुजला. डिकन्सची ‘ख्रिसमस कॅरोल’ आणि पहिले छापील नाताळ-पत्र दोन्ही १८४३ ची. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे सजविलेल्या झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या साप्ताहिकात आले ते १८४८ मध्ये. गल्लीतल्या दंग्याचा सण त्या शतकात घरातल्या मुलांचा सण झाला. नेमक्या त्याच दशकांत अहमदनगर, सोलापूर या भागांत मराठी ख्रिस्ती मंडळ्या आकार घेत होत्या. अहमदनगरचे ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ चे. तेव्हा कुटुंबाचा आणि मुलांचा नाताळ मराठी घरात उशिरा पोहोचलेली उसनी वस्तू आहे, असे म्हणता येत नाही. पाश्चात्त्य घरांत तो घडत होता, जवळजवळ तेव्हाच तो आपल्या घरांतही आपल्या परीने घडत होता. साधने जवळची होती: दिवाळीचा फराळ, भजन, कीर्तन आणि पाळणा. रामनवमीला व दत्तजयंतीला देवाचा जन्म पाळणा म्हणून साजरा करणाऱ्या मुलखात ख्रिस्तजन्माचे पाळणे रचले गेले, यात नवल ते काय?

या घडणीत एका दुःखद प्रसंगाचाही हात आहे. १८९६–९७ चा आणि त्यामागोमाग १८९९–१९०० चा, ‘छप्पन्याचा’ म्हणून ओळखला जाणारा, असे दोन दुष्काळ पडले. मिशनच्या आवारांत निराधार मुलांची दाटी झाली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या ‘मुक्ती’त शेकडो मुली आणि विधवा आणल्या. त्या पिढीतील कितीतरी मराठी ख्रिस्ती मुलांचा पहिला नाताळ आईबापांच्या घरी झालाच नाही. तो वसतिगृहाच्या ओट्यावर झाला. ज्यांचे घर उद्ध्वस्त झाले त्यांनी कुटुंबाचा सण परक्या मुलांसमवेत शिकावा आणि मोठेपणी स्वतःच्या संसारात न्यावा, असा हा क्रम आहे. नाताळाच्या दिवशी मुलांनी वचने पाठ म्हणणे, गाणी बसविणे, जन्मकथेची नाटिका करणे या प्रथांवर शाळेची आणि वसतिगृहाची छाप स्पष्ट दिसते ती यामुळेच.

याच काळातील टिळक दांपत्याची आठवण येथे अपरिहार्य आहे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० मध्ये. टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठीत मान्यता पावले. ख्रिस्त मराठी माणसाला मराठी सुरातच भेटला पाहिजे हा त्यांचा आग्रह होता आणि त्यांची भजने आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात. ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य त्यांनी आरंभिले, पण ते पुरे होण्यापूर्वीच ते गेले. त्याचे पुढील अध्याय रचून ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळा अशी लाभलीच नव्हती. त्याचे नाव ‘ख्रिस्तायन’. नावातच रामायणाचा नाद आहे. दुष्काळातील पोरकी मुले या दांपत्याच्या घरी वाढली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात (पहिला भाग १९३४) सोवळ्याओवळ्याशी त्यांनी दिलेला झगडा त्यांनी विलक्षण निर्भीडपणे सांगितला आहे. देवाने माणसे निर्माण केली, जाती केल्या नाहीत, हे त्यांना उमजले ते तर्काने कमी आणि जगण्यातून अधिक. सोवळे सुटलेल्या अशा घरात जात न विचारता मुले एका पंक्तीला जेवली. मराठी नाताळाचे खरे सामाजिक नावीन्य या पंक्तीत आहे. झाड आणि कंदील ही त्याची वरची सजावट.

आपल्या भागाकडे वळू. निजामाच्या राज्यातील बीदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून कलबुरगी) जिल्ह्यांत मुख्यतः अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनने काम केले. बीदरच्या मंगलपेठेतील चर्च आणि मिशनचा दवाखाना हे त्याचे ठळक ठिकाण. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाकडे गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद आणि इकडे आळंद म्हैसूर राज्यात आले. रेषा नकाशावर पडली, सोयरिकी मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंस राहिल्या. येथील ख्रिस्ती मंडळ्यांची उपासना बहुतांशी कन्नडमध्ये चालते. पण उमरगा, उदगीर, सोलापूरकडून सून होऊन आलेल्या बाईच्या ओठी मराठी भजन असते आणि मुले दोन्ही भाषांत गातात. सरकारी नोकरीनिमित्त या दोन जिल्ह्यांत फिरताना मी हे अनेक ठिकाणी पाहिले. नाटिकेतील मेंढपाळांना वेशभूषा शोधावी लागत नसे. घरची घोंगडी डोक्यावरून घेतली आणि हाती काठी दिली की बेथलेहेमचा मेंढपाळ सिद्ध होई. बालाघाटावर शेळ्यामेंढ्या घेऊन हिंडणारा धनगर किंवा कुरुब याहून वेगळा दिसत नाही.

आता आपल्या उंबरठ्याची गोष्ट. आळंदसारख्या गावात ख्रिस्ती घरे थोडी: कोणी शिक्षक, कोणी दवाखान्यातील परिचारिका किंवा कंपाउंडर. पंचवीस डिसेंबरला त्या घरांतून करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचे ताट विणलेल्या रुमालाने झाकून शेजारी येई, आणि ते आणीत ती मुले. ताट रिकामे परत करावयाचे नाही हा आपला जुना शिष्टाचार. म्हणून त्यात साखर किंवा गूळ घालून ते जाई, किंवा तीन आठवड्यांनी संक्रांतीचा तिळगूळ त्याच ताटातून पोहोचे. हे चित्र मनोहर आहे. परंतु ते अर्धेच आहे. ताट घेतले जाई, हसून घेतले जाई. आणि पुष्कळ घरांतून ते स्वयंपाकघरात न जाता पडवीतच राही. वडीलधारी मंडळी त्यातले खात नसत. घाटावरील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे ज्या जातींतून आली त्या जाती गावकुसाबाहेरच्या, हे त्यांना ठाऊक होते; धर्म बदलला तरी त्यांच्या लेखी जात बदललेली नव्हती. पलीकडच्या घरालाही हे कळत होते. तरीही ते ताट दर वर्षी येत राहिले, यात जो मोठेपणा आहे त्याची नोंद आपल्या कोणत्याही घराण्याच्या बखरीत नाही.

पडवीतले ते ताट संपविले मुलांनी. कोणी त्यांना समतेचा उपदेश केला नव्हता. करंजी गोड होती आणि ती आणणारा मुलगा वर्गातला सोबती होता, एवढे त्यांना पुरेसे होते. ती मुले मोठी झाली, घरातील कर्ती झाली, आणि त्यांच्या संसारात ताट पडवीतून आत गेले. कायद्याने अस्पृश्यता १९५० मध्ये नष्ट केली. पुष्कळ घरांच्या उंबरठ्याआत ती नष्ट व्हावयास त्यानंतर एक पिढी आणि असंख्य करंज्या लागल्या.

आपल्या प्रदेशाची रीत अशी की येथे सण एकमेकांना लागून येतात. मार्गशीर्ष अमावास्येची येळवस, शेतात सहकुटुंब जाऊन भज्जी, उंडे आणि आंबील जेवण्याचा आपल्या काळ्या मातीचा सण, नाताळाच्या मागेपुढे पडतो. २०२२ मध्ये तो २३ डिसेंबरला होता. २०१५ मध्ये तर २४ डिसेंबरला दत्तजयंती आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली आणि दुसऱ्या दिवशी नाताळ. भीमेकाठी गाणगापुरी दत्तजन्माचा पाळणा, लाडले मशायखांच्या आळंदात पैगंबर-जयंती आणि चर्चमध्ये ख्रिस्तजन्म. दोन दिवसांत तीन जन्मोत्सव या एका जिल्ह्याने पाहिले. अशा मुलखात वाढलेल्या मुलाला शेजारच्या सणाची ओळख निराळी करून द्यावी लागत नसे.

आज ती करून द्यावी लागते, ही खरी चिंतेची बाब आहे. आपल्या नातवंडांना नाताळ ठाऊक नाही असे नाही. उलट आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. इंग्रजी शाळांतून ती लाल टोप्या घालतात, कापसाच्या दाढीच्या सांताकडून गोळ्या घेतात आणि ‘जिंगल बेल्स’ म्हणतात. गंमत अशी की १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या गाण्यात नाताळाचा उल्लेखही नाही. ते बर्फावरच्या घसरगाडीचे गाणे आहे. यात वाईट काही नाही. पण त्याच मुलांना आपल्याच पेठेतील ख्रिस्ती घर कोणते, त्या घरी कोणती भाषा बोलतात, तेथील आजी कोणते भजन म्हणते, हे सांगता येत नाही. सण बाजारातून घरात आला आणि शेजाऱ्यामार्फत येण्याचा त्याचा मार्ग बुजला. ताटांची ये-जाही उणावली. तयार मिठाईचा पुठ्ठ्याचा डबा परत करावा लागत नाही, आणि परत न जाणाऱ्या डब्याबरोबर परतभेटही जाते.

हानी दोन्हीकडची आहे. ख्रिस्ती कुटुंबांतील मराठी भजने जाणणारी पिढी वृद्ध झाली आहे आणि नव्या पिढीची भाषा कन्नड किंवा इंग्रजी होत आहे. आपल्या घराण्यांची स्थिती याहून फार वेगळी नाही. आपणही आरत्या मराठीत म्हणतो आणि भांडणे कन्नडमध्ये करतो. अशा वेळी ‘ख्रिस्तपुराण’ जपणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांचे उदाहरण उपयोगी पडावे. त्यांच्यामागे राजसत्ता नव्हती, मराठी शाळा नव्हती; घरातील वाचन होते, आणि ऐकावयास मुले होती.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आपल्या मंडळाच्या सभासदांनी आपापल्या गावातील ख्रिस्ती घरी या डिसेंबरात जावे, जाताना नातवंडांना बरोबर न्यावे, आणि तेथील वृद्ध स्त्रियांना येणारी मराठी भजने, पाळणे, फराळाच्या रीती उतरवून घ्याव्यात. लिहून घेण्याचे काम मुलांकडेच द्यावे. मराठी अक्षर गिरविण्यास त्यांना याहून चांगले निमित्त मिळावयाचे नाही. आणि जाताना ताट न्यावे. डबा नव्हे, ताट, म्हणजे ते परत येईल.